वाढीची जागा

पाहुण्या बाईंना बसवायचं कुठे, यावरून सकाळीच पहिली ठिणगी पडली.

"वर बसवू," आई म्हणाली. "पडदे धुतलेत, खुर्च्या पुसल्यात."

"खाली," बाबा म्हणाले. "कारखान्यात. पोटच्या पोरीने माझ्याविरुद्ध अर्ज केलाय ना? मग मी कोण, काय करतो, ते सरकारला दिसू दे तरी."

"सरकार कसलं हो, एक बाई यायच्यात."

"एक आली काय नि दहा आल्या काय."

तेव्हा आई झाडू घेऊन खाली उतरली. महिनाभर हे असंच चाललं होतं. बारकीला तिच्या आत्याच्या गावातल्या हॉस्पिटलात जागा मिळाली होती. अधू पायांच्या मुलांसाठी खास जोडे बनवायचं शिक्षण, शिकता शिकता विद्यावेतन, आणि राहायला आत्याचं घर. पुढच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. बाबा म्हणाले, अठरा पूर्ण कर आणि मग जा कुठे जायचं तिकडे. बारकी म्हणाली, तोवर ती जागा काय माझी वाट बघत बसणार आहे? बाबांनी संमतीला साफ नकार दिला. मग जी पोर आजवर रिक्षावाल्याकडे सुटे पैसे मागायलाही लाजायची, तिने सरळ बालकल्याण कार्यालयात जाऊन अर्ज दिला: आईवडिलांच्या संमतीशिवाय घराबाहेर राहण्याची परवानगी मिळावी. वय, सतरा.

'आईवडिलांच्या' हा शब्द आईच्या घशात रुतून बसला होता. वडिलांनी नाही म्हटलं होतं. आईने काहीच म्हटलं नव्हतं. नवऱ्याला 'तुम्ही म्हणाल तसं' आणि लेकीला 'बघू गं', या दोन वाक्यांमधल्या बोळातून ती महिनाभर अंग चोरून चालली होती.

कारखाना म्हणजे घराखालची लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, खिडकीशी दोन ठेंगणी बाकं, बाकांवर आऱ्या, हातोड्या, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं. आणि समोरच्या भिंतीवर घरातल्यांची लाकडी पावलं. ज्याच्या त्याच्या पायाबरहुकूम कोरलेली, एकेका खुंटीला एकेक जोडी. त्यांच्यावरच चामडं ताणून त्या त्या माणसाचे जोडे शिवायचे. पाय वाढायचा थांबला की पावलं कोरायची, हा या घराचा रिवाज. तोवर मुलांचे जोडे अंदाजाने, पुढे अंगठाभर वाढीची जागा सोडून. एकदा पावलं भिंतीवर चढली की माणूस मोठं झालं. मग त्याला कामातलं विचारायचं, त्याने उलट उत्तर दिलं तरी ऐकून घ्यायचं.

आई लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिचे पाय मांडीवर घेऊन माप काढलं होतं. माहेरच्या आठवणीने ती मुसमुसत होती. सासरे म्हणाले होते, "रड, खुशाल रड. फक्त पाय हलवू नकोस." त्या दिवसापासून हे घर तिचं झालं.

भिंतीवरच्या दोन खुंट्या रिकाम्या होत्या. एक बारकीची. दुसरीला ब्रश लटकवलेला असायचा, आणि ती कुणाची हे कुणी बोलायचं नाही. तिची मालकीण दुपारच्या गाडीने यायची होती.

आत्या आली ती एक छोटी बॅग आणि मोठं हसू घेऊन. आजोबा बाकावर बसले होते. ते माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायचे. लेकीकडेही त्यांनी आधी खालीच पाहिलं.

"बाजारातले," ते म्हणाले.

"हो अप्पा. बाजारातले."

"डावी टाच झिजलीय."

"तुम्हीही झिजलायत की."

आजोबांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी वर पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिले. आईने उगाच पाण्याचा तांब्या उचलून परत तिथेच ठेवला.

बाबांनी मात्र हातातल्या जोड्याच्या तळव्यातून डोकं काढलं नाही. सतरा वर्षांची असताना त्यांची ही बहीण एका पहाटे घर सोडून गेली होती. त्यानंतर भावाबहिणीत जे काही बोलणं झालं ते आईच्या मार्फत.

"तिला विचार, चहा घेणार का."

"वहिनी, दादाला सांगा, घेईन. साखर कमी."

"पूर्वी तीन चमचे लागायची."

"वहिनी, सांगा त्याला, पूर्वी दातही माझेच होते."

"वन्सं, अहो, मी काय टेलिफोन आहे का?" आई वैतागली, आणि कोपऱ्यात उभी असलेली बारकी फिसकन हसली. सगळ्या घरात उंच तीच, बापापेक्षाही दोन बोटं वर. पण घरात ती बारकीच. आज तिने केस घट्ट बांधले होते आणि ओठ त्याहून घट्ट. ती चहा आणायला जिन्याकडे वळली. थप थप, थप थप. बारकीची चाल आईला पाठ होती. तिची टाच जोड्यात थोडी उचलली जायची आणि मागाहून खाली पडायची. घरात कुठेही असली तरी आईला कळायचं, ही बारकी.

थोरला, बारकीचा भाऊ, बाबांच्या शेजारी बसून वाद्या कापत होता. "मी आधीच सांगतो," तो म्हणाला, "मी बाबांच्या बाजूने आहे. ही गेली तर शिलाई कोण करणार? मीच ना?"

"अरे वा, तत्त्वाची लढाई चाललीय," आत्या म्हणाली.

कार्यालयातल्या बाई आल्या तेव्हा उन्हं खिडकीत आली होती. पन्नाशीच्या, चष्मा, हातात फाईल, चेहऱ्यावर रविवारीही कामावर निघालेल्या माणसाचा दमलेला चांगुलपणा. त्या आत येऊन दोन पावलं चालल्या असतील नसतील, आजोबा म्हणाले, "उजवा चावतोय."

"काय?"

"जोडा. उजवा. करंगळीपाशी. काढा तो."

"अहो आजोबा, मी चौकशीला आलेय."

"करा ना चौकशी. चौकशीला दोन्ही पाय कशाला लागतात?"

बाई कुणीतरी सोडवेल म्हणून इकडेतिकडे बघत राहिल्या. कुणीच सोडवलं नाही. या घरात आजोबांना कुणी अडवत नसे. पाहता पाहता बाईंचा उजवा जोडा ताणायच्या लाकडावर चढला, आणि सरकारी चौकशी एका उघड्या पायावर सुरू झाली.

"तर बघा," बाई पाय खुर्चीखाली लपवत म्हणाल्या, "सोप्या शब्दांत सांगते. अठराच्या आत घर सोडून वेगळं राहायचं तर आई किंवा वडील, कुणातरी एकाची संमती पुरते. दोघांचीही नसेल आणि मुलीचं वय सोळाच्या वर असेल, तर ते न्यायालयाकडे जातं. तिथे बघतात की राहायला सुरक्षित जागा आहे का, पोटाची सोय आहे का, आणि आपलं बरंवाईट कळण्याइतकी समज आहे का. घरात धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आम्ही थांबत नाही." त्या बारकीकडे वळल्या. "घरात मारझोड, उपाशी ठेवणं, कोंडणं, असं काही आहे? इथे सांगता येत नसेल तर आपण बाहेर जाऊन बोलू."

"छे हो!" बारकी एवढ्या जोरात म्हणाली की थोरल्याच्या हातातली वादी वाकडी कापली गेली. "बाबांनी मला कधी बोटही लावलं नाही. उलट मी आजारी पडले की तेच जेवत नाहीत. मला फक्त जायचंय."

"आणि जागा?"

"माझ्याकडे," आत्या म्हणाली. "मागची खोली. तुमच्या तिकडच्या सहकारी बघून गेल्यात. खिडकी आहे, कडी आहे, शेजारी खडूस आहेत."

"न्यायालयात तारीख मिळायला किती दिवस लागतात?" आईने विचारलं. आवाज आपलाच होता याचं तिला नवल वाटलं.

"दोन-तीन महिने तरी."

म्हणजे एक तारीख गेली. हॉस्पिटलातली जागाही गेली. बारकीने मान खाली घातली. खोलीत सगळ्यांना एकदम कळलं की आता सगळं एका माणसापाशी येऊन थांबलंय, आणि ते माणूस हातात चहाचा ट्रे घेऊन उभं आहे.

"तुमचं काय म्हणणं आहे, बारकीच्या आई?" बाईंनी विचारलं.

"मी... हे म्हणतात ते..." आई म्हणाली, आणि ट्रेमधले कप सारखे करू लागली.

बाबा उठले. "मी सांगतो. मला हिला कोंडून ठेवायचं नाही. पण पोर लहान आहे हो. अजून वाढतेय."

"सतरा वर्षांची आहे."

"वय सोडा. आमच्याकडे वयावर जात नाहीत." त्यांनी भिंतीकडे हात केला आणि पावलांचा रिवाज समजावून सांगितला. बाईंनी चष्मा सावरून एकेक जोडी निरखली. त्या हसल्या नाहीत, हे आईला आवडलं. "दर वर्षी मी स्वतः हिचं माप घेतो, स्वतः जोडे शिवतो," बाबा म्हणाले. "आत्ता पायात आहेत तेही माझेच. अजून वाढीची जागा सोडावी लागते. ज्या दिवशी लागणार नाही, त्या दिवशी मीच तिला गाडीत बसवून देईन."

"शब्द देतोस?" आजोबा म्हणाले.

"दिला."

आजोबांनी बाकावर हात आपटला. "बारके, जोडा काढ."

बारकीचा चेहरा पांढरा पडला. "राहू दे ना आजोबा."

"काढ म्हणतो ना."

"नको. खरंच नको. बाई, तुम्ही न्यायालयाचं बघा. मी थांबते दोन-तीन महिने. जागा जाऊ दे." आणि दोन्ही पाय तिने बाकाखाली ओढून घेतले, चोरी पकडली गेल्यासारखे.

थोरला गोंधळला. आत्या गोंधळली. आईला मात्र लख्ख कळलं.

घरातल्यांच्या जोड्यांना पॉलिश करायचं काम आईचं. बारकीच्या जोड्यात हात घातला की बोटांना पुढच्या टोकाशी काहीतरी मऊ लागायचं. कापूस. पहिल्यांदा वाटलं, भिजले असतील, सुकायला घातला असेल. मग नवे जोडे आले, त्यातही कापूस. पुढच्या वर्षीच्यातही. आई काही न बोलता तो बोळा काढायची, पॉलिश करायची, आणि होता तसा परत ठेवायची. पोरीलाही माहीत होतं की आईला माहीत आहे. दोघी एका अक्षराने बोलल्या नव्हत्या. कारण या घरात जोडा मापात नाही असं म्हणणं म्हणजे शिवणाऱ्याच्या तोंडावर मारणं. आणि शिवणारे बाबा होते.

आत्ताही ही मुलगी तेच करत होती. जिने बापाविरुद्ध सरकारात अर्ज दिला, ती बापाचा जोडा चारचौघांत उघडा पाडायला तयार नव्हती. त्यासाठी हातातली जागा सोडायला निघाली होती.

समज आहे का, म्हणे.

आईने ट्रे बाकावर ठेवला. बारकीपुढे खाली बसली. लहानपणी शाळेतून आल्यावर बसायची तशीच.

"आई, नको ना."

"पाय दे."

"आई..."

"रड खुशाल. फक्त पाय हलवू नकोस."

आजोबांनी चमकून सुनेकडे पाहिलं. आईने दोऱ्या सोडल्या, जोडा काढला आणि त्यात दोन बोटं घातली. कापसाचा बोळा बाहेर आला. रोजच्या चालण्याने दबून दबून घट्ट झालेला, एका बाजूला अंगठ्याचा खळगा पडलेला. तिने तो बाबांच्या पुढ्यात ठेवला.



आजोबांनी जोडा घेतला, बारकीच्या पायात परत चढवला आणि टोकावर अंगठा दाबला. पुढचं चामडं पोकळ दबलं. जोडा त्यांनी पुन्हा उतरवला. "हा पाय थांबलाय," ते म्हणाले. "आज नाही, केव्हाच थांबलाय." मग मुलाकडे वळले. त्यांचा आवाज हळू होता, म्हणून जास्त लागला. "तू माप घेतोस ना रे दर वर्षी?"

बाबांनी बोळ्याला बोट लावून पाहिलं.

"की पट्टी विसरलास धरायला?"

"नाही अप्पा."

"मग? हाताला कळलं नाही?"

"हाताला कळलं होतं," बाबा म्हणाले. ते बाकावर बसले, आणि आईला वाटलं या माणसाला आपण इतकं लहान कधी पाहिलं नाही. "हिच्या," त्यांनी आत्याकडे न बघता बोट केलं, "हिच्या पायातले शेवटचे जोडे मी शिवले होते. माझ्या हातचे पहिले. पाय थांबलाय असं माझ्या लक्षात आलं म्हणून म्हटलं, वाढीची जागा नको, नीट मापात बसवू. अप्पांना दाखवून पावलं कोरायला घ्यायची होती. ते जोडे घालून पाहिले तिने, आरशासमोर नाचली, आणि आठवडा झाला नाही तोवर त्याच जोड्यांनी घरातून गेली." त्यांनी नाक ओढलं. "तेव्हापासून मला वाटतं, जागा सोडलेली बरी."

इतकी वर्षं आईने हा माणूस, त्याचं घोरणं, त्याचा राग, त्याची औषधं सगळं सांभाळलं होतं. हे तिला माहीत नव्हतं.

आत्या उठली आणि सरळ भावासमोर जाऊन उभी राहिली. आज पहिल्यांदा ती मध्ये कुणाला न घालता बोलली.

"दादा, वेड्या. त्या पहाटे गाडी चुकली होती माझी. पुढच्या स्टेशनपर्यंत चालत गेले मी, शेतांतून, खडीवरून. एक फोड आला नाही. तुझे जोडे मापात होते म्हणून मी पोचले रे."

बाबांनी मान वर केली.

"आणि किती वर्षं घातले म्हणून विचार. तीनदा तळवे बदलले. वरचं चामडं फाटलं तेव्हा दुकानदार म्हणाला, ताई, आता फेका. तर मी त्याच्याशीच भांडले."

"कुठला तळवा लावला त्याने?" बाबा म्हणाले.

"रबराचा."

"रबराचा! माझ्या जोड्याला?"

"म्हणून तर भांडले ना!"

थोरल्याला हसू आवरेना. त्याने कात्री खाली ठेवली. "बाबा, मी बाजू बदलतोय. शिलाईचं मी बघेन. शिकेन नाहीतर काय."

"तुला कुणी विचारलं?" बाबा म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

कार्यालयातल्या बाई मघापासून कापसाच्या बोळ्याकडे बघत होत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "बारकीच्या आई, मी मघाशी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता."

आई जमिनीवरच होती. बारकीचा उघडा पाय अजून तिच्या मांडीवर होता. लांब, सडपातळ, पुऱ्या वाढीचा. जन्मला तेव्हा हा तिच्या अंगठ्याएवढा होता. त्या पहिल्या रात्री तिने तो ओठांवर धरून ठेवला होता, आणि नर्स ओरडली होती, अहो, बाळाला झोपू द्या! तो पाय आता चालायला निघाला होता. त्याला धरून ठेवता येईल एवढा तिचा हात मोठा नव्हता, आणि एकदम तिच्या ध्यानात आलं की तसा तो मोठा असावा असं तिला वाटतही नाही.

"माझी संमती आहे," ती म्हणाली.

"जरा मोठ्याने सांगता?"

"माझी संमती आहे!"

"लिहून घेतलं."

"परत म्हणू का?" आई म्हणाली. तिच्या अंगात काहीतरी चढलं होतं. "महिनाभर तोंडात धरून ठेवलं होतं हो मी. माझी, हिच्या आईची, पूर्ण, संमती आहे!"

"वहिनी, बाहेर गल्लीत ऐकू गेलं," आत्या म्हणाली.

"जाऊ दे!"

बारकी बाकावरून घसरून तिच्या गळ्यात पडली, एक जोडा घातलेली, एक पाय उघडा, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर हसत रडत राहिल्या. बाई खाली बघून लिहीत होत्या. एक ओळ लिहायला त्यांना फारच वेळ लागला.

"न्यायालयाची गरज उरली नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "वडिलांचं म्हणणं नोंदवू का? विरोध म्हणून?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा उठले, खिळ्यावरची मापाची पट्टी काढली आणि गळ्यात टाकली.

"मी शब्द दिलाय ना मघाशी. मग विरोध कसला." ते थोरल्याकडे वळले. "लाकूड आण. मागचं, सुकलेलं, चांगल्यातलं."

"बाबा, आज रविवार आहे."

"मग रविवारचं आण!"

त्यांनी बारकीला बाकावर बसवलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. पट्टी घोट्याला, चवड्याला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. आकडा त्यांनी मोठ्याने सांगितला. आजोबांनी मान डोलावली. मग बाबांनी मान न वळवताच म्हटलं, "आणि तूही बस रांगेत. ते बाजारातलं काढ आधी. लाज वाटते मला."

आत्याने तोंडावर हात धरला. आजोबा उठले, भिंतीपाशी गेले आणि खुंटीवरचा ब्रश काढून त्यांनी खिशात घातला.

बाई निघाल्या तेव्हा आजोबांनी त्यांचा जोडा लाकडावरून उतरवून पुढे केला. त्यांनी पाय घातला, दोन पावलं टाकली आणि दारात थबकल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा गेला.

बारकी निघाली ती लख्ख सकाळी. गल्लीतली दुकानं उघडत होती, कुणी फळीवर पाणी मारत होतं, कुणी हात करून विचारत होतं, निघाली का? निघाली, निघाली, आई खिडकीतून सगळ्यांना सांगत होती. भिंतीवर दोन्ही खुंट्या भरल्या होत्या. नव्या लाकडाचा रंग फिका होता. चार वर्षं मेणाचा हात लागला की इतरांसारखा होईल.

बाबांनी नवे जोडे स्वतः चढवले, दोऱ्या बांधल्या. मग सवयीने त्यांचा अंगठा टोकावर गेला. दाबला. चामड्याखाली भरलेलं, जिवंत बोट लागलं.

"जागा नाही," ते म्हणाले. थोडा वेळ अंगठा तिथेच ठेवला. "बरोबर बसलाय."

बारकीने वाकून त्यांच्या डोक्यावर ओठ टेकले, बॅग उचलली आणि ती आत्याबरोबर बाहेर पडली.

आई वर खिडकीशी धावली. गर्दीत आधी पाठ दिसेना, म्हणून तिने नेहमीसारखे कान लावले. थप थप ऐकू येईना. मग खालून, फरशीवरून, ठाम, भरलेला आवाज आला. टक, टक, टक, टक. हे कोण बाई इतकं ऐटीत चाललंय, म्हणून तिने मान पुढे काढून पाहिलं.

तिचीच लेक होती.